मागच्या सीटवर कोण झोपणार

दौलतराव "तूबी चल संगं" म्हणाला, तिथंच कौशल्येला पहिला संशय आला.

पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला काही विकत घेताना बरोबर नेलं नव्हतं. बैल घेतले तेव्हा नाही, वीटभट्टीसाठी नदीकाठची जमीन घेतली तेव्हा नाही. तिची लुगडीसुद्धा तो चाकणच्या बाजारातून परस्पर आणायचा. आणि आता मोटार बघायला पिंपरीला जायचं, तर म्हणे बाईमाणसानं बघितलेलं बरं.

"मला मोटारीतलं काय कळतंय?" ती म्हणाली.

"कळायचं काय त्यात? बसून बघायचं. सुमनला तर एवढ्या लांब न्हेता येत न्हाई. मग तूच चल."

सुमन म्हणजे धाकट्या दिराची, ज्योतीरामची बायको. तिला आठवा महिना लागला होता. आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी धाडायचा प्रश्न नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी चिंचवडच्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं होतं, पोर पोटात आडवं आहे, फिरलं तर फिरलं, नाहीतर पुण्याच्या मोठ्या दवाखान्याशिवाय गत नाही. कळा सुरू झाल्या की घरात थांबू नका. त्यांच्या कुरुळीहून पुणं सतरा-अठरा मैल. एसटी कधी यायची, कधी भरलेली म्हणून न थांबता जायची. विटा वाहणारी लॉरी भाड्याची, आणि तिच्या हौद्यात अडलेली बाई घालायची म्हणजे जिवंतपणी हाल. पण पिंपरीला औषधांचा कारखाना आणि त्याची वसाहत उभी राहत होती, दोन वर्षं दोघा भावांच्या भट्टीतल्या विटा तिकडे चालल्या होत्या. हाताशी चार पैसे होते. ज्योतीराम म्हणाला, आपण जुनी का होईना, मोटारच घेऊ. दौलतराव लगेच 'घेऊ' म्हणाला.

ते 'लगेच' कौशल्येच्या मनात कुसळासारखं रुतलं होतं.

बारा वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच अडली होती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नसे, त्यामुळे उतारूंच्या सर्व्हिस मोटारी पाठीमागे शेगडी बांधून कोळशाच्या गॅसवर चालत. दौलतरावाने तिला बैलगाडीत घातलं आणि पुण्याची वाट धरली. मोशीच्या पुढे मागून एक मोटार आली. दौलतराव रस्त्यात आडवा उभा राहिला, त्याने हात जोडले. ड्रायव्हरने कडेने मोटार काढून नेली. तिचा काळा धूर बैलगाडीवरच्या कापडाच्या पालात शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. भोसरीच्या अलीकडे, एका चिंचेच्या मळ्यापाशी मूल झालं. ते रडलं नाही. तिथूनच त्यांनी बैल मागे फिरवले. पुन्हा कौशल्येला दिवस राहिले नाहीत, आणि त्या दिवसाबद्दल दौलतरावाच्या तोंडून तिने एक अक्षर ऐकलं नाही.

तोच माणूस आता भावाच्या बायकोसाठी मोटार घ्यायला निघाला होता आणि कौशल्येलाही बरोबर चल म्हणत होता. कशासाठी? उद्या गावातल्या बाया कुजबुजल्या तर थोरलीनेच पसंत केली असं सांगता यावं म्हणून? की पुढे काही वाईट घडलं तर 'तूच तर बघितली होतीस' म्हणायला? तिने डोक्यावरून पदर घेतला आणि ती विटांच्या लॉरीत पुढे जाऊन बसली.

पिंपरीच्या स्टेशनजवळ कादर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. मोटार तिथे उभी होती, पण विकणारा कादर नव्हता. विकणारा होता पुण्याचा दलाल लक्ष्मणराव. काळा कोट, डोक्यावर टोपी, बोलणं लोण्यासारखं.

"या वहिनी, या. घरची लक्ष्मी आली म्हणजे सौदा झालाच म्हणायचा." त्याने मोटारीच्या टपावर थोपटलं. "रेल्वेतल्या एका साहेबाची गाडी. साहेब विलायतेला गेला. जीव लावून वापरलेली आहे. धाकट्या वहिनींना पुण्यापर्यंत पोटातलं पाणी हलू न देता नेईल."

मोटार दिसायला देखणी होती, बाटलीसारखी हिरवी. ज्योतीराम तिच्याभोवती नव्या नवरीभोवती फिरावं तसा फिरत होता. त्याने हॉर्न वाजवून पाहिला, दिवे लावून पाहिले. दौलतराव खिशात हात घालून गप्प उभा होता. कौशल्येने मागचं दार उघडलं. सीटवरचं कापड उन्हाने विटलं होतं, कडेला उसवलं होतं. पण पायाखालची चटई कोरी करकरीत होती, अजून दुकानाचा वास मारत होती.

"समदं जुनं, आन एवढंच नवं कसं?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठीच टाकली, वहिनी." लक्ष्मणराव हसला.

कादर मिस्त्री चिंधीने हात पुसत शेजारी उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत. कौशल्येने त्याच्याकडे पाहिलं तसा तो वळला आणि आधीच पुसून झालेला पाना पुन्हा पुसायला लागला. दुसरा संशय तिला तेव्हा आला.

"बसून बघा की, वैनी," ज्योतीराम म्हणाला.

"बसून काय कळायचंय? सुमनला आडवीच न्यावी लागंल."

परक्या पुरुषांसमोर आडवं व्हायचं म्हणजे लाजेची गोष्ट होती. पण ती लुगडं पायांत नीट घेऊन मागच्या सीटवर कुशीवर झोपली, आणि दोन्ही बाजूंच्या काचा तिने वर करायला लावल्या. कळा देणाऱ्या बाईला वारं लागू देत नाहीत, तेव्हा काचा बंदच राहणार. पुढे लक्ष्मणराव चालवायला बसला, शेजारी दोघे भाऊ दाटीने. पुढच्या काचा उघड्या होत्या आणि तिघांच्या गप्पा रंगल्या होत्या. मोटार मुंबई रस्त्याने आकुर्डीपर्यंत गेली आणि वळून परत आली.

जाताना कौशल्येला मजा वाटली. परतताना कपाळात ठणका बसायला लागला. मग एक वास आला, आला न आला असा. तिने डोकं उचललं की जायचा, खाली ठेवलं की यायचा. गॅरेजपाशी उतरल्या उतरल्या कडेला जाऊन ती भडाभडा ओकली.

"सवय नाही ना," लक्ष्मणराव दौलतरावाला समजुतीने म्हणाला. "पहिल्यांदा बसणाऱ्या बायकांचं असंच होतं."

कादरने तांब्याभर पाणी आणून दिलं. द्यायला वाकला तेव्हा त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण लक्ष्मणरावाने हाक मारली आणि तो गेला. कौशल्या चूळ भरून परत येईतो ज्योतीरामने गाडीला होकार देऊन टाकला होता. शुक्रवारी मोटार कुरुळीला पोचती करायची, असं ठरलं.

घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर तिने विषय काढला.

"ती मोटार घेऊ नगा."

ज्योतीरामचा हात पानाच्या डब्यावर थबकला. "का?"

"मागं धूर येतोय."

"आमी तिघं व्हतो की म्होरं. आमाला कसा न्हाई आला?"

"तुमी वाऱ्यावर बसला व्हता. मी खाली पडले व्हते."

"दादा, तुला आला का वास?"

दौलतरावाने मान हलवली. नाही.

ज्योतीरामने पानाचा डबा बाजूला सारला. तो मनाने वाईट नव्हता. वहिनीच्या हातचं खाऊनच मोठा झालेला. पण त्या रात्री त्याच्या तोंडून निघून गेलं, "वैनी, राग येऊ देऊ नगा. तुमच्या येळंला न्हाई झालं, म्हनून आता आमचंबी होऊ नये, असं तर न्हाई ना?"

घरात कुणी हललं नाही. सुमन भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर पोटावर ओढून घेतला. कौशल्येने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा काही बोलेल. दौलतराव उठला आणि भट्टीवर राखणीला म्हणून बाहेर पडला.

पुढचे तीन दिवस कौशल्येने स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. खरंच वास आला होता का? की बारा वर्षांपूर्वीचा तो कोळशाचा धूर नाकात घर करून बसला होता आणि मोटारीत पाठ टेकताच पुन्हा उठला? कुणाची मोटार जाताना दिसली तरी तिला कधीकधी मळमळायचं, हे तिलाच माहीत होतं. आणि ज्योतीराम म्हणाला ते? ते मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असेल का? सुमनचं पोट दिसायला लागलं तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं? नुसता आनंद वाटला होता असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? तिने छातीवर हात ठेवून पाहिला. सांगता येत नव्हतं.

बुधवारी ती परसात भांडी घासायला गेली, तर राखेच्या ढिगाऱ्याआड दोन लाडू पडलेले. तिनेच परवा सुमनसाठी डिंकाचे लाडू वळले होते, रोज सकाळी एक तिच्या हातावर ठेवायची. सुमन 'हो अक्का' म्हणून घ्यायची. लाडवांना मुंग्या लागल्या होत्या.

म्हणजे इथवर गेलं होतं.

तिने ते लाडू उचलून शेजारच्या शेळीला घातले. सुमनला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिने सुमनच्या ताटात वाढणं सोडलं. भांडं पुढे ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्या हातानं घे." सुमन मान खाली घालून घ्यायची. दोघी एका चुलीपुढे बसायच्या आणि एकमेकींच्या हातांकडे बघत राहायच्या.

शुक्रवारी सकाळी मोटार आली. कादर चालवत होता, शेजारी लक्ष्मणराव. अर्धं गाव गोळा झालं. ज्योतीरामने नारळ, हळद-कुंकू तयार ठेवलं होतं. सुमनने ओवाळायचं म्हणून ती नवं लुगडं नेसून दारात आली. आठव्या महिन्यात तिचा चेहरा सुजल्यासारखा, पिवळा दिसत होता.

ज्योतीरामने नारळ उचलला तशी कौशल्या पुढे झाली.

"नारळ मग फोडा. आधी तुमी मागं आडवं व्हा, भावजी. काचा लावून मोशीच्या पुलापत्तुर जाऊन या. मग मी एक शब्द बोलनार न्हाई."

"वैनी, लोकांदेखत हे काय?"

"वहिनी," लक्ष्मणराव मध्ये पडला, "अहो, शुभ कामाला असं आडवं येऊ नये. मला चाकणला दुसरं गिऱ्हाईक आहे. दुपारच्या आत पोचायचंय."

"एवढं गिऱ्हाईक हाय, तर इकडं कशापायी आनली?" कौशल्या म्हणाली. लोकांत कुणीतरी हसलं. ज्योतीरामचे कान तांबडे झाले.

"मी न्हाई झोपनार," तो म्हणाला. "हा निस्ता हट्ट हाय तुमचा. आन कशाचा हाय ते समद्यांला ठावं हाय."

तेवढ्यात सुमनने हातातलं तबक खाली ठेवलं. "भांडू नका," ती म्हणाली. ती जुन्नरकडची, बोलणं हळू. "माझ्यासाठीच घ्यायची ना गाडी? मग मीच झोपून बघते. मला काही झालं नाही म्हणजे झालं."

ती मोटारीकडे चालत गेली. तिने मागचं दार उघडून एक पाय आत टाकलासुद्धा. ज्योतीराम बघत राहिला. दौलतराव बघत राहिला. कादरने चाकावरचा हात काढला आणि दाराच्या कडीला घातला, उतरायच्या बेतात असल्यासारखा.

कौशल्या धावली. तिने सुमनचं मनगट धरलं, आणि ते इतक्या जोरात की दोन बांगड्या पिचल्या.

"तू न्हाई," ती म्हणाली. "तू न्हाई गं. ह्यात तू पाय ठेवायचा न्हाईस."

"अक्का, सोडा."

"न्हाई सोडत. हात मोडला तरी न्हाई सोडत."

सुमन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मोटारीत टाकलेला पाय बाहेर घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही झोपा. अक्का सांगतात तसं."

ज्योतीराम मागच्या सीटवर आडवा झाला. कौशल्येने दोन्ही काचा आपल्या हाताने वर केल्या आणि पुढे कादरच्या शेजारी जाऊन बसली. कुणी वाटेत काच खाली केली तर सगळंच मुसळ केरात. दौलतराव लक्ष्मणरावाजवळ उभा राहिला. "तुमी थांबा हितंच," तो त्याला म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मोटार नाशिक रस्त्याला लागली. ज्योतीराम मागून बोलत होता. "बघा, काही हाय का? झ्याक झोप येईल असं हाय." चिंबळीचा फाटा गेला. "वैनी, पुलावरनं मागं फिरताना माझी माफी मागायची तुमी." कादर सारखा वरच्या आरशात बघत होता, रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त. हा काय बघतोय, तिला कळेना. पूल आला. नदीचं पाणी खाली चमकलं. कादरने पुलापलीकडे मोटार वळवली.

मागून आवाज येईना.

"भावजी," तिने हाक मारली. "झोपलासा का?"

सोंग करतोय, तिला वाटलं. मला घाबरवायला. ती वळून बघणार तोच कादरने मोटार करकचून थांबवली. ती काही म्हणायच्या आधी तो उतरला होता, मागचं दार उघडून ज्योतीरामला खांद्यांना धरून बाहेर ओढत होता. ज्योतीरामचे डोळे उघडे होते, पण तो बघत नव्हता. तोंड चुन्यासारखं. दोघांनी मिळून त्याला बांधावर आणला, मोकळ्या वाऱ्यावर बसवला. कौशल्येने त्याचं डोकं मांडीला टेकवून धरलं. लहानपणी ताप आला की धरायची तसंच. जरा वेळाने तो ओकला, मग थरथरत श्वास घ्यायला लागला.

"वैनी," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना.

कादर मोटारीकडे गेला. कुणी न सांगता त्याने मागची कोरी चटई ओढून काढली. खालचा पत्रा गंजून सडला होता, मुठीएवढं भोक पडलं होतं. भोकातून सायलेन्सरची फुटकी नळी दिसत होती. मोटार बंद होती तरी तिथून निळसर धुराची एक वळवळ वर येत होती.

"तुला ठावं व्हतं," कौशल्या म्हणाली.

कादर खाली बसला. "चटई मी टाकली नाही, बाई. लक्ष्मणरावांनी आणली, त्यांच्या माणसानं टाकली. मला वास यायचा. मी म्हटलं त्यांना, सायलेन्सर बघून घेऊ. ते म्हणाले, तुला चाकं आणि इंजिन दिलंय, तेवढं बघ." त्याने हातातली चटई रस्त्याच्या कडेला टाकली. "उचलून बघितली असती तर कळलं असतं. मी उचलली नाही. एवढा गुन्हा माझा."

"मला पानी देताना सांगायचं व्हतंस."

"हो," कादर म्हणाला. "सांगायला पाहिजे होतं."

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला त्या बांधावर ठरवता आलं नाही. आरशात बघत होता तो माणूस खरा, की चटई न उचलणारा?

मोटारीच्या सगळ्या काचा खाली करून ते कुरुळीला परत आले. ज्योतीरामला धरून उतरवताना बघूनच लक्ष्मणराव सगळं समजला. "जुन्या गाडीत थोडंफार असतंच, दुरुस्त करून देतो," असं त्याने म्हणून पाहिलं. दौलतरावाने त्याच्या कोटाची कॉलर धरली, आणि मग सोडली. "मोटार घे आन जा," तो म्हणाला. "हिच्यात पुन्हा कुनाच्या बायकापोरांला बसवलंस तर पुन्यात येऊन तुझं नाव चौकात सांगीन." लक्ष्मणरावाने एकट्याने मोटार चालवत नेली. कादर त्याच्याबरोबर गेला नाही, चालत एसटीच्या थांब्याकडे गेला.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी दौलतराव कौशल्येजवळ येऊन बसला. बारा वर्षांत जे बोलला नव्हता ते त्याने तेव्हा काढलं, अडखळत, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत.

"म्हनूनच तुला संगं न्हेली व्हती. त्या दिवशी तू काय सोसलंस ते मी वरनं बघितलं. आतनं तुलाच ठावं. म्हटलं, कुटल्या मोटारीत बाई जगंल ते हिलाच कळंल."

कौशल्येने वर पाहिलं. "मग मी 'घेऊ नगा' म्हटलं, तवा गप का बसलासा?"

दौलतरावाचा अंगठा जमीन उकरायचा थांबला.

"ज्योती बोलला ना," तो म्हणाला, "ते माझ्याबी मनात येऊन गेलं व्हतं."

तो खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती उठून चुलीपाशी गेली. तिथे सुमन भाकरी थापत होती. सुमनने तिच्याकडे पाहिलं आणि लाकडी डबा पुढे ओढला. "अक्का, लाडू आहेत का अजून?" तिने विचारलं. "मी टाकले ते तुम्हाला सापडले, मला माहीत आहे. शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या होत्या, थोरलीच्या हातचं जपून खा. मी ऐकलं त्यांचं." तिच्या डोळ्यांतून पाणी पिठात पडलं. "मला तुमची भीती वाटायची."

"मला माजीच वाटायची," कौशल्या म्हणाली. तिने तिच्या हातावर लाडू ठेवला नाही. डबा उघडून पुढे सारला. सुमनने दोन घेतले.

आठ दिवसांनी कादर मिस्त्री कुरुळीला आला. लक्ष्मणरावाचं काम त्याने सोडलं होतं, किंवा लक्ष्मणरावाने त्याला सोडलं होतं. तो दोन्ही सांगत होता. देहूरोडच्या लष्करी लिलावातली एक गाडी त्याच्या पाहण्यात होती. उंच, चौकोनी, रंग उडालेली, एका दाराला दोरी बांधलेली. "दिसायला म्हशीसारखी आहे," तो म्हणाला, "पण खालून बघा. तुम्ही स्वतः बघा, बाई. मी बोललो म्हणून घेऊ नका."

कौशल्येने खरंच तसंच केलं. लुगड्याचा काष्टा खोचून ती कंदील घेऊन गाडीखाली सरकली. नळी कुठून कुठे जाते ते कादरकडून विचारून घेतलं, पत्रा जागोजागी दगडाने ठोकून पाहिला. मग काचा लावून मागच्या फळीवर गादी टाकून झोपली, पुण्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्योतीरामने एकदाही तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "घ्या." तरी कादरकडे तिने एकदा रोखून पाहिलंच. कादरने ती नजर निमूट सोसली.

पोर फिरलं नाही. फाल्गुनातल्या एका सकाळी सुमनला कळा सुरू झाल्या. कादर दोन दिवसांपासून सांगून ठेवल्याप्रमाणे कुरुळीलाच मुक्कामाला होता. त्याने गाडी काढली. मागे गादीवर सुमन, तिच्या उशाशी कौशल्या. मोशी गेलं, भोसरी जवळ आली. भोसरीच्या अलीकडचा तो चिंचेचा मळा दिसला तसं कौशल्येने तोंड फिरवलं. सुमनने तिचा हात आवळला. कळ होती की दुसरं काही, ते तिने सांगितलं नाही. पुढच्या सीटवर दौलतराव ताठ बसला होता. त्याची मान एकदाही मळ्याकडे वळली नाही, पण त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुपारी पोट उघडून मूल काढलं. मुलगी झाली. आईचं रक्त बरंच गेलं, चार दिवस काळजीत गेले, पण ती वाचली. पंधराव्या दिवशी त्याच गाडीतून सगळे घरी आले. ज्योतीरामने चालवायला शिकायला घेतलं होतं, पण कौशल्येने त्याला चाकाला हात लावू दिला नाही. "कादरच चालवंल," ती म्हणाली. कादरवर विश्वास बसला असं नव्हे. तो आरशात बघत राहतो, एवढं तिला कळलं होतं.

कुसुमताई बाळ बघायला आल्या तेव्हा सुमनने त्यांच्या मांडीवर मूल दिलं नाही. झोपलंय म्हणाली.

नवऱ्याशी कौशल्या कामापुरतं बोलत राहिली. त्याने खरं सांगितलं याबद्दल तिला आदर होता, आणि राग त्याच कारणासाठी होता. दोन्ही एकदम कसे बाळगायचे, ते तिला ठाऊक नव्हतं. दौलतरावाने घाई केली नाही. चैत्रात एकदा तो म्हणाला, भोसरीकडे विटांचं काम निघालंय, बघायला जायचंय, येतीस का? कौशल्येने जरा विचार केला. मग पुतणीला सुमनजवळ निजवून ती गाडीत जाऊन बसली.